चोथेकाकांचा डबा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे चोथेकाका म्हणत. दुकानांतून वापरलेल्या कॉफीचा चोथा गोळा करायचा, भट्टीत वाळवायचा, चाळायचा आणि मॅडमच्या हवाली करायचा, हे त्यांचं काम. मॅडम तो अल्कोहोलमध्ये भिजवून त्यातली औषधी द्रव्यं काढत. "वास पार गेला की समजा, माल शुद्ध झाला," त्या म्हणायच्या. काकांना याचा भारी अभिमान. चोथ्यात अजून निम्मा जीव असतो, हे ऐकवून त्यांनी सगळ्यांचे कान किटवले होते.

बायको चिडवायची, "जगाचा चोथा गोळा करता, मग माझ्या चोथ्यानंच काय घोडं मारलंय?" आणि घरच्या कॉफीचा चोथा डब्यात भरून त्यांच्या पिशवीत ठेवायची. नऊ वर्षांत हा डबा कधी चुकला नाही.

एका सकाळी तिनं कॉफी गाळली आणि ओट्याशीच कोसळली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर काकांना गाळणीत चोथा दिसला. तिच्या हातचा शेवटचा. ओला चोथा तीन दिवसांत बुरशी धरतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा विरोध पत्करून ते तो चोथा डब्यात भरून कामावर गेले. वाळवायचा, झाकण घट्ट लावायचं आणि उशाशी ठेवायचा. आठवण अनावर झाली की उघडायचा. एवढा वास जवळ असला, तर उरलेले दिवस निघतील असं त्यांना वाटत होतं.

पण माणसाचा हात गाढव असतो, डोक्याला न विचारता चालतो. वाळलेल्या चोथ्याचा डबा टेबलावर ठेवताना त्यांनी नेहमीसारखी चिठ्ठी चिकटवली: तारीख, वजन, 'तयार'. मग खाली पोती उतरवायला गेले.

परत आले तर डबा धुऊन पालथा घातलेला.

"मॅडम, यातला चोथा?"

"घातला की बाकीच्याबरोबर. तुमची चिठ्ठी होती ना, काका."

तो हात तोडून टाकावासा वाटला काकांना. सगळं कळल्यावर मॅडमही रडल्या.

चार दिवसांनी त्यांनी काकांच्या हातात एक छोटी बाटली ठेवली. "त्या दिवसाचं जे निघालं, ते सगळं यात आहे. हे तुमचं."

तळाशी चिमूटभर पांढुरकी पूड होती. काकांनी बूच काढलं, डोळे मिटले आणि बाटली नाकाशी धरली. मग पुन्हा एकदा धरली.

माल अगदी शुद्ध निघाला होता.