इंजिनातलं लिंबू

विमानाच्या इंजिनात लिंबू मी ठेवलं.

दसरा होता, शनिवार होता आणि आमच्या संग्रहालयातलं जुनं इंजिन त्या दिवशी पहिल्यांदा सुरू करून बघायचं होतं. आमचं संग्रहालय म्हणजे मी रिटायर झाल्यावर मला घराबाहेर काढायला बायकोनं शोधलेली जागा. अमेरिकेतल्या डब्लिनहून जरा लांब, मक्याच्या शेतांमध्ये, बंद पडलेल्या एका इंजिन-कारखान्याची शेड. त्या कारखान्यात बनलेली इंजिनं आम्ही काही रिकामटेकडे शोधून आणतो, धुतो, जोडतो. आमचा म्होरक्या नव्वदीला टेकलेला गोरा आजोबा. तरुणपणी तो इथंच ही इंजिनं जोडायचा. दुसऱ्याच दिवशी तो कायमचा मुलीकडे अ‍ॅरिझोनाला चालला होता आणि जाण्याआधी त्याला हा आवाज एकदा ऐकायचा होता. बस, एवढंच.

आता दसऱ्याला यंत्राची पूजा नको? मंडळी कॉफी-डोनटसाठी आत गेलेली बघून मी इंजिनाला बायकोनं सोबत आणलेलं हळद-कुंकू वाहिलं, परसातला झेंडू खोचला, इंजिन ज्या ट्रेलरवर बसवलं होतं, त्याच्या हुकावर नारळ फोडला. राहिलं लिंबू. इथली लिंबं म्हणजे छोटी संत्रीच. ठेवावं तिथून घरंगळायचं. इंजिनाच्या पोटाखाली हवा आत घ्यायला झोळीसारखं एक तोंड असतं. त्यात ते असं मस्त बसलं, की कारखान्यानं ती जागा लिंबासाठीच केली असावी. निघताना काढू म्हटलं आणि डोनट संपायच्या आत मीही आत पळालो.

सगळे बाहेर आले. इंजिन सुरू केलं. पंखा गरकन फिरला, इंजिन खोकलं, काळा धूर ओकलं आणि गप्प. पुन्हा तेच. म्हातारा खुर्चीत पुढं वाकून ऐकत होता. त्याचा चेहरा उतरत चालला.

मग मी पुढं झालो. जन्मभर पाण्याचे पंप विकले असले, तरी डिग्री मेकॅनिकलची आहे.

"काळा धूर! म्हणजे हवा कमी पडतेय," मी जाहीर केलं. "आत काहीतरी अडकलंय. कुणीतरी चिंधी-बिंधी विसरलेलं दिसतंय. निष्काळजीपणा, दुसरं काय!"

सगळे माना डोलवत होते. मी रंगात येऊन कार्ब्युरेटरवर घसरलो. कुंकवाची डबी पर्समध्ये टाकता टाकता बायको तेवढी थांबली.

"अहो, लिंबू कुठंय?"

"कुठलं लिंबू?"

"सरबताचं! अहो, पूजेचं!"

माझं व्याख्यान जागच्या जागी बंद पडलं. धूरसुद्धा न सोडता.

माझी नजर कुठं गेली ते म्हाताऱ्यानं बरोबर हेरलं. तो उठला, झोळीत हात घातला आणि कुंकवाचं बोट लावलेलं लिंबू बाहेर काढलं. वास घेतला.

"हे आम्ही कधी बसवत नव्हतो," तो म्हणाला.

"शुभ असतं," मी म्हणालो.

"कुणाला?"

पुन्हा इंजिन सुरू केलं. उत्तर त्यानंच दिलं! या खेपेला ते असं काही गरजलं, की झेंडू उडाले, कागदी कप उडाले, माझी टोपी थेट मक्यात गेली. बायको साडी सावरत किंचाळत होती, मी टोपीमागं न धावता जागच्या जागी उड्या मारत होतो. म्हातारा ट्रेलरचं टोक धरून उभा, तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी आणि हसतोय नुसता! कितीतरी वेळ कुणी ते बंदच करू देईना.

शेवटी शांत झालं. इंजिनातून निघालेली प्रत्येक वस्तू चिठ्ठी लावून जपायची, हा म्हाताऱ्याचाच नियम. त्याप्रमाणे लिंबालाही चिठ्ठी लागली. आज ते कपाटात सुकून सुपारीएवढं झालंय.

त्या दिवशी मात्र भरात येऊन मी म्हाताऱ्याचा हात धरला. "तुम्ही निश्चिंत जा. इंजिनाकडे मी बघेन."

"तू तिकीट खिडकीवर बस," तो म्हणाला. "तिथं काही फिरत नाही."