रोगणाचा शेवटचा हात

कॉलेजची पहिली सुट्टी लागली आणि मी नवा लोकरी कोट घालूनच कल्याणला उतरलो. बाबांनी तो पाहावा, एवढीच इच्छा होती. घरामागच्या खोलीत दारे लावून ते ठाण्याच्या एका वकिलांच्या बग्गीला रोगणाचा सहावा, शेवटचा हात देत होते. धूळ उडू नये म्हणून जमीन शिंपलेली होती आणि त्यांच्या अंगावर फक्त ओला पंचा होता.

"तिथेच थांब!" मी दार किलकिले करताच ते ओरडले. "त्या कोटाचे तंतू पडले तर सगळं पुन्हा घासावं लागेल."

मी उंबऱ्याबाहेर थांबलो. शिकायला गेलो म्हणून या खोलीतली माझी जागा गेली की काय, असे वाटले.

"अरे, बघतोस काय? कोट काढ, पंचा भिजवून नेस आणि ये. का तुमच्या कॉलेजात पंच्याला बंदी आहे?"

मी कोट काढून, ओला पंचा नेसून आत गेलो. त्यांनी दिवा माझ्या हाती दिला. इतक्या थरांखालचा निळा रंग खोल पाण्यासारखा दिसत होता आणि त्यात आम्ही दोघे उघड्या अंगाने संथ हलत होतो. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मी श्वासही हळू घेत होतो.