दिवेआगरचा मारवाड

बाळभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते समुद्रावर केर काढत होते. थट्टा नाही. एकोणीसशे तीस सालाच्या आगेमागे दिवेआगरच्या पोस्टात मास्तर म्हणून माझी बदली झाली होती. सकाळी किनाऱ्यावर फिरायला गेलो, तर धोतराचा काचा मारलेला एक पन्नाशीचा गृहस्थ खराट्याने वाळू झाडत मागे मागे सरकत होता. गाव एकंदरीत मजेचं दिसतंय, असं मी मनात म्हटलं. एवढ्यात ते ओरडले, "अहो, तिथेच थांबा! पाऊल टाकलंत तर मारवाड बिघडेल माझा!"

खेकडे बिळं उकरताना भोवती वाळूच्या बारीक गोळ्या टाकतात, त्या ते झाडून काढत होते. वाळू मनासारखी गुळगुळीत झाल्यावर त्यांनी पिशवीतून चौकोनी पेटीचा कॅमेरा काढला, पालथे पडले आणि समुद्राकडे पाठ करून नुसत्या वाळूच्या उंचवट्याचा फोटो घेतला. मग धोतर झटकत म्हणाले, "झालं. पुष्करच्या वाटेवर आलो. चला मास्तर, चहा घ्यायला."

घरी गेल्यावर उलगडा झाला. माजघरातल्या खिडकीशी खाटेवर त्यांच्या आई पडून होत्या. गाव त्यांना माई म्हणे. काही वर्षांपूर्वी मायलेकांनी पुष्कर आणि बदरीकेदारच्या यात्रेचा बेत केला होता. वळकट्यासुद्धा बांधून झाल्या होत्या. निघायच्या आधी माई रहाटाजवळ घसरून पडल्या आणि त्यांचे पाय कायमचे गेले. बाळभाऊंनी लग्न केलेलं नव्हतं. आईला उठवणं, निजवणं, भरवणं सगळं तेच करत, त्यामुळे एक रात्रही त्यांना गाव सोडता येत नसे. माईंनी एकटं जाऊन ये म्हटलं, तर म्हणाले, "गेलो तर दोघं जाऊ. नाहीतर इथूनच जाऊ."

'इथूनच' म्हणजे कॅमेऱ्याने. सुपारीच्या पैशातून रोल मागवायचा, त्यात आठच चित्रं निघायची. ती धुवायला घरातली बाळंतिणीची अंधारी खोली होती. "हिचा दुसरा उपयोग काय होणार होता?" असं म्हणून स्वतःच खदखदून हसत. तयार झालेला फोटो माईंच्या हाती द्यायचा आणि सांगायचं, आज अमक्या ठिकाणी जाऊन आलो. माईंनी भिंग लावून खोटं पकडायचं.

माझ्यादेखत त्यांनी तो वाळूचा फोटो पाहिला. भिंग कोपऱ्यात थांबलं. "बाळ्या, मेल्या, पुष्करला खेकडे कधीपासून झाले रे?" एवढं झाडूनही कोपऱ्यात चार गोळ्या राहिल्याच होत्या.

त्या दिवसापासून मी त्यांच्या मोहिमेत सामील झालो. थंडीत भल्या पहाटे आम्ही बोर्लीच्या डोंगरात जायचो. धुकं उतरलं की ते रान खरंच कुठलंही वाटे. बाळभाऊ तासन् तास दगडावर बसून राहत. मी कुडकुडत म्हणे, "घ्या आता." ते म्हणत, "थांबा हो, अजून कोकण दिसतंय." एकदा फोटो फारच झकास उतरला. माईंनी तो न्याहाळला आणि म्हणाल्या, "केदारला पोस्टमास्तरही पोचले वाटतं." झाडाआडून माझ्या छत्रीचं टोक डोकावत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मला पोचवायला बाहेर येताना बाळभाऊ म्हणाले, "मास्तर, तिला एकदा, एकदाच चकवायचंय. घटकाभर तरी ती तिकडे जाऊन येईल." तेव्हा मला कळलं की हा निव्वळ खेळ नव्हता.

पुढच्या वर्षीच्या थंडीत तो फोटो मिळाला. धुकं, उंच काळी खोडं, बाकी काही नाही. माईंनी भिंग न घेताच तो बराच वेळ धरला आणि म्हणाल्या, "नाही बाई ओळखू येत. खरंच कुठलं रे हे?" बाळभाऊ लहान मुलासारखे टाळ्या पिटत पुढे झाले आणि थबकले. माईंच्या हातात फोटो उलटा होता.

"आई, कधीपासून?"

"दिवाळीपासून. मोतीबिंदूच असेल. तुझा हिरमोड कशाला करायचा?"

दुसऱ्या पहाटे बाळभाऊंनी धोंडू गाडीवानाची बैलगाडी दारात आणली, यात्रेसाठी बांधलेली तीच वळकटी सोडून गाडीत पसरली आणि माईंना उचलून वर ठेवलं. मला शेजारी बसवलं. डोंगरात धुकं असं दाटलं की धोंडूने बैल थांबवले. "माई, फुडं काय बी दिसत न्हाय."

"मला तर मागचंही दिसत नाही, मेल्या. तू हाक."

चढावर बाळभाऊ म्हणाले, "आई, केदार आला." माईंनी मान वर केली. गार धुकं तोंडावर घेतलं. खाली कुठेतरी डोंगरातून उतरणारा पऱ्ह्या खळखळत होता.

"खोटारड्या! हा तर माझ्या माहेरच्या वाटेवरचा पऱ्ह्या. लग्नात वरात इथेच पाणी प्यायला थांबली होती." आणि त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. बाळभाऊही हसत होते, रडतही होते. कॅमेरा पिशवीतच राहिला.

वर्षभराने माझी बदली झाली. दिघीच्या धक्क्यावर बाळभाऊ पोचवायला आले. फोटो काय म्हणतात, असं मी विचारलं.

"रोल बंद. आता रोज तिलाच गाडीत घालून नेतो आणि रोज हरतो. परवा समुद्रावर नेऊन बसवलं. म्हटलं, आई, पुष्कर. तिने वाळूवरून हात फिरवला, अगदी सावकाश. आणि म्हणाली, 'झाडलीस वाटतं!'"

नाव सुटली तरी ते धक्क्यावर पोट धरून हसत उभे होते. हरून इतका सुखी झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.