तीन विश्वासू माणसं

मोताळ्यात आल्हाद नेमकं काय करतो, हे गल्लीत कुणालाच सांगता येत नसे. दुकानांच्या वेबसाइट करून तो पोटापुरतं मिळवी. उरलेला दिवस एका निरोपांच्या ॲपला देई. ते ॲप देशोदेशीचे चार-पाच जण फुकट सांभाळत. त्याचा कोड सगळ्यांना खुला, पण त्यातला निरोप पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाही वाचता येऊ नये, असा त्यांचा हट्ट. त्या चार-पाच जणांचे चेहरे आल्हादने कधी पाहिले नव्हते.

वडील अनंतराव खामगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. आठवडाभर तिकडेच राहत आणि संध्याकाळी पोराच्या ॲपवरून बायकोला आपल्या आवाजात निरोप पाठवत. गोळी घेतली का, गॅस आला का. मागच्या उन्हाळ्यात ते गेले. मग शारदाबाई दुपारची भांडी आवरली की तेच निरोप पुन्हा ऐकत बसत.

एके दिवशी त्यांचा फोन चार्ज होईना. बाजाराला गेल्या तेव्हा त्या तो दुकानात देऊन नवा घेऊन आल्या. दुकानदाराने जुन्यातलं सगळं लगेच पुसून टाकलं. नव्या फोनमध्ये ॲप उघडलं, तर नवऱ्याच्या नावाखाली काहीच नव्हतं. जुने निरोप परत आणायला ॲप सुरुवातीला दिलेले परतीचे शब्द मागत होतं. ते शब्द जपून ठेवा, असं सांगणारा पडदा आल्हादनेच केला होता. लोक वैतागतात म्हणून त्यावर 'नंतर' हे बटणही त्यानेच बसवलं होतं. पडदा सोपा करायचा होता, पण तेव्हा सगळ्यांना स्टिकर हवे होते आणि तो स्टिकरांत गुंतला. आईने 'नंतर' दाबलं होतं.

"तूच बनवलं नं हे?" शारदाबाई म्हणाल्या. "मंग तुलेच काऊन उघडत नाही?"

"मले उघडता आलं असतं, त कोनालेही आलं असतं, आई."

"कोनाले काय करायचं आहे तुह्या बापाच्या बोलण्याचं?"

तेवढ्यात समोरच्या सिंधूताई दारात आल्या. "शारदा, लेकीकडं चालली व मी. हे घे किल्ली." मग आत डोकावून, "अन् हा काऊन असा बसला? गोऱ्यायनं फुकटच्या कामावरूनही काढलं काय बे तुले?"

त्या गेल्यावर शारदाबाईंनी किल्ली खिळ्याला अडकवली. "सिंधूची किल्ली माह्याकडं असते, माही तिच्याकडं. म्हणून आमी चोऱ्या करतो काय?"

वडिलांचे निरोप परत येणार नव्हते; निदान पुढे कुणाचे जाऊ नयेत म्हणून आल्हादने स्टिकर बाजूला सारले आणि तो कामाला लागला. परतीची किल्ली तीन विश्वासू माणसांत वाटून द्यायची. एकट्याजवळच्या तुकड्याने काही उघडणार नाही, दोघं एकत्र आले की उघडेल. शब्द पाठ करायला नकोत, जपायला नकोत. पडद्यावर त्याने सोप्या मराठीत लिहिलं: ज्यांच्या दारात न विचारता जाता येतं, अशी माणसं निवडा.

पहिल्यांदा त्याने फोन आईच्या हातात दिला. तिने चष्मा न लावताच नावं सांगितली. सिंधू, शाळेतली मैत्रीण प्रेरणा आणि तो. "पन आता त्यावर मले बोलते कोन?" म्हणत ती उठून गेली.

मग चाचणीसाठी त्याने स्वतःचं खातं उघडलं. पहिलं नाव आईचं. दुसऱ्यासाठी तो यादी खाली सरकवत राहिला. पुण्याला गेलेल्या मित्राचा, राजकुमारचा, शेवटचा निरोप म्हणजे दिवाळीचा स्टिकर होता. दुकानदार, गिऱ्हाइकं, बँक. वडिलांचं नावही अजून होतं आणि ॲप ते निवडू देत होतं. त्याने बोट काढून घेतलं.

परदेशातल्या एका सोबत्याने विचारलं, चाचणी कुठे अडली?

'मला एकच नाव भरता आलं,' आल्हादने लिहिलं.

 तिकडून आलं, 'खोटी नावं टाक. मीही तेच केलं.'

आल्हादने दोन खोटी नावं टाकली. चाचणी पार पडली.