चेंडू मारताना पाळायची शांतता

हिरवळीवर दव असतं तेव्हा गोल्फची काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज फार ओशाळवाणा येतो, भिजलेल्या सतरंजीवर कुणी पाय आपटावा तसा. गार मातीचं ढेकूळ उडून बुटावर पडतं, आणि तो एवढासा पांढरा चेंडू मात्र होता तिथेच, निर्विकार! बेंगळुरूच्या जानेवारीत, धुकं झाडांच्या माथ्यावर रेंगाळत असताना, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी हा आवाज किती वेळा काढला, ते विचारू नका.

तुम्ही म्हणाल, जी पुण्यात असताना लगोरीपलीकडे काही खेळली नाही, त्या बाईला ही अवदसा कुठून आठवली? हौस नव्हती हो ती. इंदिरानगरातल्या आमच्या कचेरीतला एक विभाग मी नऊ वर्षं खपून वाढवला होता. त्याचे प्रमुख निवृत्त होणार होते आणि ती जागा मला हवी होती. मनापासून, उघड उघड हवी होती. पण आमच्याकडचे निर्णय बैठकांत होत नसत. ते शनिवारी सकाळी या सरावाच्या मैदानावर, दोन फटक्यांच्या मधल्या गप्पांत होत आणि सोमवारी आम्हांला नुसते कळवले जात. देश तसा वेश, असं मनाला समजावून मी काठी हातात घेतली.

शिकवायला मुनियप्पा होते. साठीचे, उन्हाने रापलेले, तारुण्यात खेळणाऱ्यांच्या पिशव्या वाहता वाहता हा खेळ शिकलेले. काठी आवळू नका, मान उचलू नका, चेंडू कुठे गेला ते बघायची घाई करू नका, आणि या सगळ्यावर 'स्वल्प हळू, मॅडम' हा त्यांचा जप. आवळून धरल्यावाचून जिचं आयुष्यात काहीच टिकलं नव्हतं, तिला हे सांगणं सोपं! तळव्यांना फोड आले, कंबर धरली, नवऱ्याने यथेच्छ चेष्टा केली. आणि मार्चमध्ये, रस्ते गुलाबी फुलांनी भरून गेलेले असताना, एका सकाळी चेंडू उडाला. हाताला काही जाणवलंच नाही. एक स्वच्छ, कोरडा नाद झाला आणि पांढरा ठिपका निळ्या आकाशात चढत गेला. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला जागाबिगा काही आठवली नाही. निखळ सुख बहुधा असंच, हेतूचा विसर पडल्यावरच भेटत असावं.

पुढच्या शनिवारी मी, ती जागा ज्यांच्या हातात होती ते आमचे मोठे साहेब आणि त्यांचे दोन सोबती यांच्या शेजारी उभी राहिले. या खेळाचा एक शिष्टाचार आहे: कुणी फटका मारायला उभं राहिलं, की इतरांनी बोलणं थांबवायचं. मी पुढे झाले आणि तिघंही गप्प झाले. केवढं भरून आलं मला! बैठकांत माझं वाक्य तोडूनच बोलायची रीत होती. माझ्यासाठी एवढं शांत कुणी कधी राहिलं नव्हतं. चेंडू सरळ गेला, टाळ्या पडल्या, मी बाजूला झाले, आणि शांतता तशीच राहिली. मग हवेची चौकशी झाली, मुलांच्या परीक्षांची झाली. मी पाणी प्यायला लांब गेले, की मागे बोलणं सुरू होई. परतले, की थांबे. पाच शनिवार हे चाललं, आणि पाचही शनिवार मी त्याला शिष्टाचारच समजत होते. शिकल्यासवरल्या बाईचं हे अडाणीपण! मुनियप्पांच्या ध्यानात ते आधीच आलं असावं. काठी पुसता पुसता एकदा ते हलकेच म्हणाले, "मॅडम, बॉल गेल्यावर तर लोक बोलतात." मी हसण्यावारी नेलं.

जागा दुसऱ्याला मिळाली. त्याला काम मीच शिकवलं होतं, आणि त्याचा फटका आजही उजवीकडे भरकटतो. साहेबांनी मला बोलावून माझ्या प्रगतीचं कौतुक केलं, खेळातल्या. राग आला का? आला. त्यांचा आलाच, पण स्वतःचा अधिक आला, दाराशी ताटकळण्यालाच आत जाणं समजले म्हणून. आता शनिवारी मी घरीच असते. एखाद्या दवाच्या सकाळी तो उडालेला चेंडू आठवतो, पण त्याचं सुखही आता कडवट लागतं.

परवा केतकी जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी येऊन बसली. नागपूरहून आलेली ही मुलगी माझ्याच हाताखाली काम करते, आणि माझ्यापेक्षा हुशार आहे. तिने सरळच विचारलं, "ताई, मीपण गोल्फ शिकू का? काही फायदा होईल?"

नाही म्हणायला ओठ उघडलेही होते. पण नाही म्हटल्यावर तिला दुसरी कोणती वाट मी दाखवणार होते? मी तिला मुनियप्पांचा नंबर दिला. ती उत्तरासाठी माझ्याकडे बघत तशीच बसून होती, आणि मी, त्या तिघांसारखीच, तिच्याशी हवेच्या गोष्टी बोलत राहिले.