नानांना हरवल्याचे पेढे

माणूस बुद्धिबळ का शिकतो, याची पुष्कळ थोर कारणं मी पुढे लोकांच्या तोंडून ऐकली. बुद्धीला धार येते, मन स्थिर होतं, वगैरे. माझं कारण माझे सासरे होते.

सासुरवाडी जळगावची. दर दिवाळीला मी धुळ्याहून निघायचो, चाळीसगावला गाडी बदलायचो आणि जळगावात जावयाला साजेशा थाटात उतरायचो. तो थाट पाडव्याच्या दुपारपर्यंत टिकायचा. जेवणं झाली की सासरे, ज्यांना घरात सगळे आबा म्हणत, ओसरीवर पट अंथरायचे. मेहुणे, मेहुण्या, शेजारचे दोनतीन म्हातारे असा मेळा जमायचा आणि त्यांच्यासमोर आबा मला मात द्यायचे. नुसती मात दिली असती तर मी सोसलं असतं. पण ते प्याद्यानं मात द्यायचे. आपल्या देशी खेळात राजाला वजिरानं मारलं तर तो लढाईत पडला असं मानतात, प्याद्यानं मारलं तर त्याला घरच्या गड्यानं कान धरून बाहेर काढलं असं. आबांना हे जमवायला कधी कधी पाऊण तास जास्त लागायचा, पण ते घाई करत नसत. शेवटी प्यादं एक घर पुढे सरकवून म्हणायचे, "जावईबापू, पान घ्या."

लग्नानंतरच्या तिसऱ्या दिवाळीहून परत येताना मी ठरवलं की हा खेळ रीतसर शिकायचा.

धुळ्याला मी कचेरीत नकला उतरवून काढण्याचं काम करीत असे. दुसऱ्याचं लिहिलेलं चुका न करता पुन्हा लिहायचं, एवढीच माझी विद्या. बुद्धिबळावरचं एक मराठी पुस्तक मिळवलं आणि सवयीनं ते सबंध वहीत उतरवून काढलं. अक्षर सुरेख आलं. खेळ होता तिथंच राहिला. तेव्हा कचेरीतल्या एकानं सांगितलं की पुस्तकं काय चाटायची, तांबटांच्या गल्लीतल्या नानांकडे जा.

नाना मूळचे सोनगीरचे. तिथं भांडी घडवायचं शिकून धुळ्याला आले आणि गल्लीच्या तोंडाशी घर करून राहिले. पन्नास वर्षं हंडे-घागरी ठोकून त्यांचे कान गेले होते. अगदी कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच ऐकू जायचं. त्यामुळे त्यांच्याशी वाद घालता येत नसे आणि शिकवणीला याच्याएवढी चांगली सोय दुसरी नाही. मी चूक केली की का केली हे सांगायला माझ्याकडे दहा सबबी तयार असत, पण त्या दहा सबबी ओरडून सांगायच्या म्हणजे गल्ली जमायची. मी गप्प बसायला शिकलो. माझ्या खेळातली पहिली सुधारणा तीच.

रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर कापडी पट पसरायचा. नाना आपला वजीर उचलून बाजूला ठेवायचे. नवशिक्याला वजीर सोडून खेळवायचं, तो जिंकू लागला की वजीर पटावर ठेवून हत्ती सोडायचा, मग घोडा, मग दोन प्यादी, आणि शेवटी काही न सोडता बरोबरीचा डाव. तीस वर्षांत त्यांच्याकडे पुष्कळ जण शिकून गेले, पण बरोबरीत त्यांना हरवणारा अजून झाला नव्हता. हे सगळ्या धुळ्याला ठाऊक होतं. वकील, व्यापारी ओट्यावरून जाताना त्यांना रामराम करत, पण पटापुढे बसत नसत.

मला त्यांनी पहिल्याच दिवशी माझे दोन्ही हात माझ्याच मांड्यांखाली ठेवायला लावले. चाल डोक्यात पक्की झाल्याशिवाय हात बाहेर काढायचा नाही. "हात लागना, चाल व्हयनी," एवढंच ते अहिराणीत सांगायचे, म्हणजे हात लागला की चाल झाली. तीस वर्षांचा, लेकुरवाळा, सरकारी नोकर मी, हात दाबून ओट्यावर बसलेला. पाण्याला जाणाऱ्या बायका तोंडाला पदर लावायच्या. डाव संपला की नाना तो पहिल्यापासून पुन्हा मांडायचे आणि जिथं मी बिघडवला तिथं थांबून माझ्या तोंडाकडे बघायचे. मला सापडेपर्यंत बघत राहायचे. आत नानांची बायको, अक्का, चहा करायची आणि तो गार व्हायला ठेवायची, कारण मला किती वेळ लागतो ते तिला माहीत होतं.

वजीर सोडलेल्या नानांना हरवायला मला तीन वर्षं लागली. अधूनमधून जळगावची दिवाळी आणि पान चालूच होतं.

पण त्यानंतर मी जी घोडदौड केली तिला तोड नाही. वर्षभरात हत्ती संपला, घोडा संपला. पुढच्या दोन-चार महिन्यांत प्यादी. मी रोज पहाटे उठून अभ्यास करत होतो, डाव वहीत उतरवत होतो, आणि फळ डोळ्यांसमोर दिसत होतं. नाना आता चाल करायला फार वेळ घ्यायचे. मध्येच विचारायचे, खेळी कुणाची. एकदा त्यांनी तिरपा चालणारा उंट सरळ पुढे नेऊन ठेवला. मी अदबीनं तो परत जागेवर ठेवला आणि मनात म्हटलं, माझ्या हल्ल्यानं म्हातारा गोंधळला. ओट्याच्या कोपऱ्यात एक घागर पडलेली असायची. एकाच जागी ठोकून ठोकून तिला भोक पडलं होतं. पन्नास वर्षांचा तांबट असं भोक पाडत नाही, हे लहान पोरालाही कळलं असतं. मी त्या घागरीवर माझी टोपी ठेवायचो.

आणि एका रविवारी, दिवाळीच्या आधी आठ दिवस, मी नानांना बरोबरीच्या डावात हरवलं.

नाना पटाकडे बघत राहिले. मग त्यांनी डाव पुन्हा मांडायला घेतला, पाचसहा चालींवर थांबले, पुढची आठवेना. मला वाटलं, आनंदानं. कारण ते खरोखरच हसत होते. त्यांनी अक्काला हाक मारून बाहेर बोलावलं आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मना पुढे गया हाऊ." माझ्या पुढे गेला हा. अक्का माझ्याकडे एकदा बघून आत गेली. तेही मी आनंदातच जमा केलं.

सोमवारी मी कचेरीत पेढे वाटले. शिपायापासून वकिलांच्या खोलीपर्यंत कुणाला सोडलं नाही. ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही सांगितलं की नानांना हरवलं त्याचे आहेत. डाव कसा झाला हे टेबलावर टाक-दौती मांडून दाखवलं. आमच्या साहेबांची दौत वजीर झाली होती.

दिवाळीला जळगावला गेलो तो आबांवर दया करत. यंदा हरल्यावर त्यांना पान मी देईन, कसं देईन, हे चाळीसगावच्या फलाटावर ठरवून झालं होतं. पाडव्याला पट अंथरला गेला. पहिला डाव आबांनी अर्ध्या तासात संपवला. दुसरा त्याहून लवकर. दोन्ही प्याद्यानं. ज्या चालींनी मी जिंकत आलो त्या साऱ्या केल्या होत्या, त्याच चाली, ज्यांपुढे नाना डोकं धरून बसायचे. आबांनी त्या माशी उडवावी तशा उडवल्या. पान पुढे करताना ते जरा गंभीर झाले आणि म्हणाले, "बापू, तुम्ही सुधारलात असं तुम्हाला सांगितलं कुणी?"

मी परत आलो तो नानांवर चिडून. यांनी मला काय शिकवलं, हे कानात ओरडून विचारायचं ठरवून रविवारी सरळ गल्ली गाठली.

ओट्यावर गर्दी होती. आत माणूस मावत नव्हता, पायऱ्यांवर उभे होते. पटापुढे नाना आणि त्यांच्यासमोर आमच्या कचेरीतला एक जण, ज्याला मी स्वतः हत्ती सोडून हरवत असे. त्यानं माझा पेढा खाल्ला होता. तसा सगळ्यांनीच खाल्ला होता. जो कारकून नकला उतरवण्यापलीकडे काही जाणत नाही तो जर नानांना हरवतो, तर आपण का नाही, असा साधा हिशेब करून पंधरा दिवस माणसं येत होती आणि जिंकून जात होती.

मी पायरीवरून बघितलं. नानांनी चाल केली. थोड्या वेळानं तीच परत मागे घेतली आणि पुन्हा केली. मग समोरच्या माणसाचं मोहरं उचलून स्वतःची चाल म्हणून पुढे सरकवलं. कुणीतरी हसलं. नानांनी ते ऐकलं नाही, पण तोंडं हललेली पाहिली आणि तेही हसले. पुढच्या डावाला त्यांनी आपला वजीर उचलून बाजूला ठेवला. समोर नवशिका आहे असं त्यांना वाटलं. त्या माणसानं तो परत ठेवा म्हणून सांगितलं नाही. सोडलेल्या वजिरावर त्यानं नानांना मात दिली आणि उठून लोकांना नमस्कार केला.

अक्कानं दारातून मला आत बोलावलं. चूल विझलेली होती. ती माझ्याकडे न बघता सांगत होती की हे दीड वर्षापासून चाललंय. जेवले की नाही आठवत नाही, बाजारात गेले तर सोबत कुणीतरी लागतं, एकदा सोनगीरला जायला म्हणून निघाले आणि आग्रा रोडवर भलत्याच अंगाला चालत राहिले. हातोडा तिनं लपवून ठेवला होता. मी घोडदौड म्हणत होतो तो सगळा काळ हाच.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं.

"तुम्ही घरना होतात ना, भाऊ," ती म्हणाली. "मी म्हने, हारतीन तर तुमनापुढे हारतीन. घरमाज राही." हरतील तर तुमच्यापुढे हरतील, घरातल्या घरात राहील.

ती चिडली नव्हती.

सोमवारी मी पुन्हा कचेरीत फिरलो, पेढ्यांशिवाय. वकिलांच्या खोलीत गेलो, बाजारात दोन दुकानांत बसलो, जिथं जिथं पहिल्यांदा सांगितलं होतं तिथं तिथं सांगितलं की नानांना मोतीबिंदू झालाय, मोहरी दिसत नाहीत, आणि हे मला ठाऊक होतं. ते डोळे चोळत असताना मी दोनदा मोहरं सरकवलं, असंही रचून सांगितलं. मी जिंकलो नव्हतो. आणि माझ्यानंतर ज्यांनी त्यांना हरवलं त्यांनी आंधळ्याला हरवलं. मला भीती होती की कुणाचा विश्वास बसणार नाही. सगळ्यांचा ताबडतोब बसला. आमचे साहेब म्हणाले की त्यांना तेव्हाच वाटलं होतं. माझ्याबद्दल इतकं एकमत कचेरीत त्याआधी झालेलं मला आठवत नाही.

ओटा रिकामा झाला. नानांचं नाव पुन्हा जागेवर आलं. मला वाटलं, आयुष्यात एक चाल तरी बरोबर पडली.

मी रविवारी जात राहिलो. कधी नाना मला ओळखायचे, कधी आपला धाकटा भाऊ समजायचे. पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती. पट दिसला की बोट करून अक्काला, भांडी न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला, कुणालाही सांगायचे की हा माझा शिष्य, हा माझ्या पुढे गेला. बाकीचे सगळे डाव विसरले होते, तेवढा एक राहिला होता.

माघात एका सकाळी गेलो तर नाना ओट्यावर ताठ बसलेले. डोळे साफ होते, तीन वर्षांपूर्वी असायचे तसे. समोर शेजारचे दोघे तांबट आणि एक पागोटेवाला वाणी उभा. त्या वाण्यानं दया येऊन नानांच्या कानात ओरडून सांगितलं होतं की तुमच्या शिष्यानं तुम्हाला फसवलं, सगळं गाव जाणतं.

नाना म्हणाले, "मना डोया धड शेतस." माझे डोळे धड आहेत.

मी मान हलवली.

"बठ्ठी गल्ली सांगी राहिनी. तू माले हराडं का नही?" सगळी गल्ली सांगतेय, तू मला हरवलंस की नाही.

मी पुन्हा मान हलवली, हो अशीही दिसेल आणि नाही अशीही. त्यांनी माझी हनुवटी धरली.

"मुंडी नको हालाडू. जोरमा बोल."

हळू सांगता आलं असतं तर मी काय सांगितलं असतं हे मला माहीत आहे. हो नाना, हरवलं, म्हणालो असतो, आणि ते सुखानं विसरले असते. पण त्यांच्या कानात पोचेल इतकं मोठ्यानं हो म्हणणं म्हणजे ते गल्लीत म्हणणं. वाणी उभा होता. दुपारपर्यंत बाजारात गेलं असतं की डोळे धड आहेत, म्हाताऱ्याचं डोकं गेलंय, आणि रविवारी पुन्हा पायऱ्यांवर माणसं. अक्का दारात होती. तिच्याकडे बघितलं तर ती जमिनीकडे बघत होती.

मी ओरडलो, "नाही, नाना. मी मोहरं सरकवलं."

त्यांनी हनुवटी सोडली. मग म्हणाले की तीस वर्षं शिकवलं, एक तरी पुढे गेला असं वाटत होतं. हे त्यांनी मला सांगितलं नाही, पटाला सांगितल्यासारखं सांगितलं. आणि मोहरी गोळा करायला लागले. एकेक उचलून, पुसून, पिशवीत. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला, रागानं नाही, मध्ये आलेलं भांडं सारावं तसा.

त्यानंतर मी सात-आठ रविवार गेलो. माझं नाव, माझं तोंड ते आता पार विसरून गेले होते, पण पट अंथरायला घेतला की माझ्यापुढून उठून आत जायचे. का जातात ते त्यांना सांगता येत नव्हतं. अक्का म्हणायची, बसा, चहा घ्या. मी घ्यायचो.

वैशाखात नाना गेले. तांबटांची सगळी गल्ली हातोडे खाली ठेवून निघाली, कचेरीतले, वकील, व्यापारी आले. पांझरा नदीकाठच्या स्मशानाकडे जाताना तिरडीचा डावीकडचा मागचा खांदा माझ्याकडे होता. माझ्यामागं सोनगीरकडून आलेले दोघे चालत होते. एक दुसऱ्याला सांगत होता की धुळ्यात यांना कुणी कधी हरवलं नाही, शेवटी डोळे गेले तरी नाही. एका कारकुनानं फसवून डाव घेतला तेवढाच. दुसऱ्यानं विचारलं, तो आलाय का आज.

"तो कशाला येतो," पहिला म्हणाला. "तोंड आहे का त्याला."

खांदा दुखायला लागला होता. मी मागं वळून त्यालाच विचारलं, जरा धराल का, आणि तो लगेच पुढे झाला.