शून्यापासून मोजणाऱ्या बाई

बाई सगळं शून्यापासून मोजायच्या. डब्यातल्या भाकऱ्यासुद्धा. "शून्य, एक, दोन," म्हणत तीन भाकऱ्या ताटलीत ठेवायच्या आणि मला हसू आलं की म्हणायच्या, "हसू नको गो. मशीन असंच मोजतं. घरात एक नि हितं दुसरं केलं, तर एक दिवस हात चुकंल."

अंबरनाथ एमआयडीसीतल्या रंगांच्या कारखान्यात त्या एका जुन्या युनिक्स सर्व्हरची देखभाल करायच्या. मी बदलापूरहून प्रोबेशनवर तिथे लागले. पहिल्या दिवशी बाईंनी पाहुण्याला घरातली माणसं दाखवावीत तशी त्या फ्रिजएवढ्या जांभळट पेटीची ओळख करून दिली. "चार प्रोसेसर, एकेक चारशे मेगाहर्ट्झचा. मेमरी चार जीबी. अठरा जीबीच्या सहा डिस्क. पॉवर सप्लाय दोन, एक गेला तर दुसरा हाय." माझ्या फोनमध्ये याच्या दुप्पट मेमरी आहे, असं माझ्या तोंडून निघून गेलं. लगेच वाटलं, गेली नोकरी. पण त्यांनी शांतपणे विचारलं, "तुजा फोन किती दिवस बंद न पडता चालला?"

बाई पालेगावच्या. घरची भातशेती होती, आता तिथे टॉवर उभे आहेत. कारखान्यात त्या टायपिंगला लागल्या होत्या. सर्व्हर बसवायला आलेल्या इंजिनियरच्या मागे उभं राहून त्या शिकल्या. इंग्रजी मॅन्युअल ओळीखाली बोट ठेवून वाचायच्या आणि अडलं की मला हाक मारायच्या. शब्दांचा अर्थ मी सांगायचे. त्या शब्दाने नेमकं काय करायचं, ते त्या सांगायच्या. रोज सकाळी सर्व्हरच्या मागे, गरम हवा निघते तिथे, हाताची पालथी बाजू धरायच्या. पोराचा ताप बघतात तशी.

त्या पेटीत कारखान्याच्या सगळ्या रेसिपी होत्या. कुठल्या गिऱ्हाइकाचा निळा कशाकशाने बनतो, ते फक्त तिलाच ठाऊक. त्या वर्षी बाई रिटायर होणार होत्या. रेसिपी नव्या मशीनवर नेऊन हे जुनं स्वतःच्या हाताने बंद करता यावं, म्हणून त्यांनी दोन वर्षांची मुदतवाढ मागितली होती. "दुसऱ्या कुनी याचा बटन दाबलेला मना बघवनार नाय," एवढंच म्हणाल्या होत्या. निर्णय कारखान्याच्या मॅनेजर साहेबांकडे होता.

त्याच आठवड्यात एक डिस्क गेली. स्क्रीनवर आलं: डिस्क तीन, फेल. घाबरण्यासारखं काही नव्हतं, कारण दोन आणि तीन नंबरच्या डिस्क एकच माहिती जपायच्या, जुळ्यांसारख्या. बाई जुन्या पार्ट्सच्या शेठकडे दुसरी डिस्क आणायला उल्हासनगरला गेल्या. तिथून त्यांचा फोन आला. "मिळाली. मी रिक्षात बसते. तू तीन नंबरची ओढून ठेव. मोजताना घाई करू नको."

मी घाई केली नाही. खालून बोट ठेवत मोजलं. एक, दोन, तीन. हँडल ओढलं.

आपण जन्मभर मोजतो तसंच, एकपासून, मी मोजलं होतं. बाहेर आली ती दोन नंबरची डिस्क, जिवंत असलेली. पंख्यांचा आवाज तसाच राहिला, पण हिरवे दिवे लुकलुकायचे थांबले. मिनिटभरात रंगखात्यातून फोन वाजायला लागला. मी तो उचलला नाही. डिस्क दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी राहिले, कारण ती खाली ठेवायचीही भीती वाटत होती.

बाई आल्या, माझ्या हातातल्या डिस्ककडे पाहिलं आणि काही न विचारता ती परत आत बसवली. मशीन स्वतःला तपासत सुरू व्हायला साडेतीन तास लागले. तेवढा वेळ आम्ही दोघी स्टुलांवर बसून होतो. त्यांनी मला पाणी दिलं, ते सांडलं. रेसिपी शाबूत राहिल्या. प्लांटमधल्या दोन बॅच मात्र फेकाव्या लागल्या.

साहेब दारात उभे राहिले. "किसने निकाला? कोणी काढली ही डिस्क?"

बाई उठल्या. "पोरीने मी सांगितली तीच काढली. फोनवर मीच नंबर चुकीचा सांगितला."

साहेब हळू आवाजात म्हणाले, "बाई, आता तुम्हालाही नंबर आठवेनासे झाले का?"

बाई खाली बघत "व्हय" म्हणाल्या. मी शेजारी उभी होते. तोंड उघडलं नाही.

मुदतवाढ नाकारल्याचं पत्र पुढच्या आठवड्यात आलं. कारण म्हणून वय लिहिलं होतं. मी रोज साहेबांच्या केबिनपर्यंत जायचे आणि परत यायचे. आत पाऊल टाकलं ते बाईंच्या शेवटच्या दिवशी, दुपारी. इंग्रजीत पाठ केलेली वाक्यं आत गेल्यावर विसरले. "चूक माझी होती," एवढंच मराठीत बोलले. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "ऑर्डर निघाली, आता बदलत नाही. आणि तुला काढून मी मशीनपाशी कोणाला बसवू? जा."

गेटवर बाई स्कूटर काढत होत्या. त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी घातलेलं हेल्मेट परत काढलं.

"इतक्या वर्षांत एकदा खोटा बोलले. तो पन तुला सांभालता नाय आला?"

"बाई, मला झोप येत नव्हती."

"मना येत होती ना! नोकरी गेली असती तुजी. मंग माजा खोटा फुकटच गेला असता ना!" त्या खरोखर चिडल्या होत्या. हेल्मेटचा पट्टा त्यांना दोनदा लावावा लागला. स्कूटर सुरू करून त्यांनी एकदाच विचारलं, "ऱ्हायली ना पन नोकरी?"

"राहिली."

त्या गेल्या. वळून पाहिलं नाही.

पुढे सर्व्हर बंद करायचं बटण मला दाबावं लागलं. बाईंना कळवलं होतं, त्या आल्या नाहीत. आता मी नव्या मशीनवर काम करते आणि तिथेही माझ्या चुका होतात. चूक झाली की कोणी विचारायच्या आत मी उभी राहून सांगते. बाईंना हे मुळीच आवडणार नाही.